शब्दचर्चा: ‘रेडीमेड’ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: कलेवरच्या एका पुस्तकाचा अनुवाद एका चित्राखालच्या ओळीपाशी अडला आहे. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँचं ‘सायकलचं चाक’, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं. रंगवलेल्या लाकडी स्टुलावर बसवलेलं धातूचं चाक, १२९.५ × ६३.५ × ४१.९ सेंमी, १९५१. १९१३ चं मूळ काम हरवलं, त्यावरून केलेली ही तिसरी आवृत्ती. इथवर अडचण नाही. पण कलाप्रकार म्हणून मी ‘रेडीमेड’ (कलावंतानं स्वतः न घडवता, बाजारातली वस्तू घेऊन कला म्हणून मांडलेली) लिहिलं, आणि संपादकांनी ते खोडून ‘मांडणशिल्प’ केलं. ते मला पटत नाही. मग ‘तयार वस्तू’, ‘आयती वस्तू’ की ‘सिद्धवस्तू’?

कोरांटी: मांडणशिल्प तर नक्कीच नको. तो शब्द इन्स्टॉलेशनसाठी रुळला आहे. तिथे जागा हाच कामाचा भाग असतो, बघणारा त्यातून फिरतो, आणि दालन बदललं की सगळं नव्यानं बांधावं लागतं. हे चाक कुठेही नेऊन ठेवा, तेच राहतं.

‘आयती’ही नको. आयतं बसून खाणं, आयत्या बिळावर नागोबा... त्या शब्दात घेणाऱ्यावर ठपका आहे. ‘यात कलावंतानं केलं काय?’ हा विरोधकांचा आक्षेप आपण नावातच घालून ठेवू. ‘सिद्ध’ला सिद्धी आणि सिद्धपुरुष चिकटलेले. ‘तयार’मध्ये पुन्हा ‘तयार गळा’ ऐकू येतो, म्हणजे मेहनतीनं आलेली तयारी.

तिरपी रेघ: ‘रेडीमेड’ राहू द्या. हा शब्द मराठीत कधीच येऊन बसला आहे: रेडीमेड कपडे आणि शिवून घेतलेले कपडे. अमेरिकेतही तो यंत्रावर, घाऊक बनलेल्या मालासाठी, हातानं घडवलेल्याच्या उलट अर्थी वापरात होता. द्युशाँ १९१५ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्यानं तो उचलला. जानेवारी १९१६ मध्ये बहिणीला लिहिलेलं पत्र फ्रेंचमध्ये आहे, पण हा शब्द त्यानं इंग्रजीच ठेवला. त्याला भाषांतर करावंसं वाटलं नाही, तर आपण का करायचं?

पारिभाषिक: पत्राचा दाखला अर्धवट देऊ नका. त्याच वाक्यात तो बहिणीला म्हणतो की ‘तू फे’ या अर्थी मी हा शब्द वापरतोय ते तुला कळेल, तेवढं इंग्रजी तुला येतं. ‘तू फे’ म्हणजे पूर्ण झालेलं, करून ठेवलेलं. म्हणजे फ्रेंच वाचणारीसाठी अर्थ उलगडण्याची गरज त्यालाही वाटलीच. मराठी वाचकाला तेवढीही सोय द्यायची नाही का? प्रत्येक अवघड जागी इंग्रजी शब्द ठेवून पुढे जायचं, तर परिभाषा घडणार कधी?

तिरपी रेघ: वाचकाला आधीच कळलेला शब्द काढून न कळणारा घालणं याला मी परिभाषा घडवणं म्हणत नाही. ‘सिद्धवस्तू’ छापलंत तर कंसात ‘रेडीमेड’ लिहावंच लागेल.

भाजकी माती: दोघांचाही एक मुद्दा सुटतोय. जो शब्द घ्याल त्याला विशेषणं पेलली पाहिजेत, कारण द्युशाँनं पोटप्रकार केले आहेत. १९१४ ची बाटल्या वाळवायची लोखंडी घोडी: विकत घेतली, काहीही केलं नाही, म्हणून निव्वळ रेडीमेड. १९१६ चा सुतळीचा गुंडा: तो दोन पितळी पट्ट्यांमध्ये धरून चार लांब बोल्टांनी आवळला, आणि आत एका मित्रानं टाकलेली, काय आहे ते न सांगितलेली वस्तू खुळखुळते. हे साहाय्य दिलेलं रेडीमेड. तुमचं चाकही यातच, कारण सायकलचा चिमटा उलटा करून स्टुलात रोवला आहे. १९१९ मध्ये मोनालिसाच्या छापील चित्राला मिशी-दाढी काढली, ते दुरुस्त केलेलं रेडीमेड. आता ‘साहाय्यित सिद्धवस्तू’ मोठ्यानं म्हणून बघा. ‘जोड-रेडीमेड’ निदान तोंडात बसतं.

कोरांटी: ‘निवडवस्तू’ कसा वाटतो? कृती तर निवडीचीच आहे. शिवाय किनाऱ्यावर सापडलेलं लाकूड, दगड अशांसाठी ‘सापडवस्तू’ म्हणता येईल. दोन्ही शब्द मराठी वळणाचे, आणि फरकही स्पष्ट.

भाजकी माती: ‘सापडवस्तू’ छानच. पण ‘निवड’मध्ये ‘निवडक’ डोकावतं, म्हणजे उत्तम तेवढं वेचलेलं. द्युशाँला नेमकं तेच टाळायचं होतं. वस्तू डोळ्याला आवडू नये, नावडूही नये, चांगल्या-वाईट अभिरुचीचा प्रश्नच उठू नये, ही त्याची अट होती. सापडलेलं लाकूड आपण आवडलं म्हणून उचलतो. द्युशाँनं रेडीमेड म्हणून घेतलेलं बर्फ उपसायचं फावडं तसं उचललेलं नाही.

पारिभाषिक: संपादकांचा ‘शिल्प’ मात्र इतक्या सहज टाकू नका. संस्कृतात शिल्प म्हणजे कुठलंही कसब. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात नृत्य, गीत आणि वादन ही शिल्पं म्हटली आहेत. चौसष्ट कलांमध्ये आलेख्याबरोबर, म्हणजे चित्रकलेबरोबर, सुतारकामही आहे. ललित कला वेगळी आणि कारागिरी वेगळी, ही भिंत अलीकडची.

तिरपी रेघ: व्युत्पत्तीनं शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही. आज शिल्प म्हणजे कोरलेलं, ओतलेलं, घडवलेलं. फावड्याला शिल्प म्हणायचं तर हात कुणाचा? कारखान्याचा.

कोरांटी: हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या जकात न्यायालयात आला होता! शिल्पकार ब्रांकुसीचं ‘अवकाशातला पक्षी’ १९२६ मध्ये तिथे उतरलं: उभं, निमुळतं, चकचकीत ब्राँझ, पंख नाहीत, चोच नाही. १९२२ च्या कायद्याप्रमाणे शिल्पाला जकात माफ. अधिकाऱ्यांनी ते धातूची उत्पादित वस्तू ठरवून ४० टक्के लावले, ६०० डॉलरवर २४० डॉलर. १९१६ चा एक निकाल आड येत होता: शिल्प म्हणजे निसर्गातल्या आकारांचं, मुख्यतः मानवी देहाचं, प्रमाणबद्ध अनुकरण. १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूनं लागला. काम मूळ आहे, व्यावसायिक शिल्पकाराचं आहे, उपयोगाची वस्तू नाही, एवढं पुरलं. पक्ष्यासारखं दिसण्याची अट गेली. मराठीत या पक्ष्याला ‘मूर्ती’ किंवा ‘पुतळा’ म्हणताच येत नाही, ‘शिल्प’ मात्र चालतं. आपल्या शब्दांनी ती रेषा आधीच आखून ठेवली आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

पारिभाषिक: मग त्याला ‘अमूर्त शिल्प’ म्हणाल? मीटरभराहून उंच ब्राँझ अमूर्त कसं?

तिरपी रेघ: अमूर्त म्हणजे ओळखीची आकृती नसलेलं. शब्द रूढ आहे, वाचकाला अडत नाही.

पारिभाषिक: अडतो. १९३० मध्ये डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्गनं जाहीरनामा काढला तो ‘काँक्रीट’ कलेचा. रेष, रंग आणि पृष्ठभाग यांहून मूर्त काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. भाषांतर केलंत तर ‘मूर्त कला’. म्हणजे नुसते चौकोन असलेली दोन चित्रं शेजारी टांगायची, एकाखाली ‘अमूर्त’ लिहायचं, दुसऱ्याखाली ‘मूर्त’. शिवाय ‘अब्स्ट्रॅक्ट’च्या मुळाशी ओढून काढण्याची क्रिया आहे. १९११-१२ मध्ये चित्रकार मोंद्रियान झाड पुन्हा पुन्हा रंगवत फांद्यांच्या कमानी तेवढ्या ठेवतो. ते ‘अमूर्तन’, पण सुरुवात झाडापासूनच आहे. जिथे वस्तूपासून सुरुवातच नाही, तिथे ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणावं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

कोरांटी: ‘वस्तुनिरपेक्ष’ मान्य. पण मग अशाच चित्रांसाठी वापरतात त्या ‘केवलाकारी’ या शब्दाचं काय करायचं?

शाईपेन: माझी ओळ अजून तिथेच आहे. सध्या ‘जोड-रेडीमेड’ धरतो. पण ‘तिसरी आवृत्ती’ बरोबर आहे का? ‘प्रतिकृती’ हवं का?

भाजकी माती: या चाकाला ‘आवृत्ती’ ठीक. १९५१ मध्येही चाक आणि स्टूल वापरातलेच घेऊन जोडले. प्रतिकृती हा शब्द द्युशाँच्या १९१७ च्या ‘कारंजं’साठी राखून ठेवा. ते चिनी मातीचं मुतारीचं भांडं हरवलं, उरलं ते छायाचित्रकार स्टीग्लिट्झनं काढलेलं छायाचित्र. १९६४ मध्ये त्या छायाचित्रावरून प्रती हातानं घडवल्या. लंडनच्या टेटमधली प्रत भाजक्या मातीची आहे, चकाकी दिलेली, चिनी मातीसारखी दिसावी म्हणून रंगवलेली. तिच्याखाली नुसतं ‘रेडीमेड, १९१७’ लिहिलंत तर साल, माध्यम आणि प्रकार, तिन्ही चुकतील. ‘१९१७ च्या हरवलेल्या रेडीमेडची १९६४ मधली प्रतिकृती’ असं लांब लिहावं लागलं तरी लिहा.

पारिभाषिक: हातानं घडवलेली असेल तर या प्रतिकृतीला तरी ‘शिल्प’ म्हणायला कुणाची हरकत आहे?