एकच आंदोलन, पण मित्राच्या मोबाईलवर वेगळं आणि माझ्या मोबाईलवर वेगळं, काय करावं?

गोदाकाठ:
मी अंबड तालुक्यातला. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री दोन्ही गावं आमच्याच तालुक्यात, मधे थोडेच किलोमीटर. एकीकडे मराठा आरक्षणासाठी जरांगे पाटलांचं उपोषण, दुसरीकडे ओबीसी आरक्षण वाचवायला जून २०२४ ला लक्ष्मण हाकेंचं. माझा शाळेपासूनचा मित्र आहे, रोज चहा सोबत, पण त्याच्या मोबाईलवर दिवसभर एका बाजूची भाषणं आणि माझ्याकडे दुसऱ्या बाजूची. तो तावातावाने जे सांगतो ते मी ऐकलेलंच नसतं, मी सांगतो ते त्याला खोटं वाटतं. परवा दोन्ही मोबाईल टेबलावर ठेवून नुसतं 'आरक्षण' टाकलं तर वरचे सगळे व्हिडिओ वेगळे!! बोलणं कमी होत चाललंय हो, मनापासून विचारतोय.

निळी_शाई:
दादा याला फिल्टर बबल म्हणतात, एली पॅरिसर नावाच्या अमेरिकन माणसाने २०११ ला हे नाव रूढ केलं. त्याने तुमच्यासारखंच केलेलं, दोन मित्रांना गुगलवर 'इजिप्त' शोधायला लावलं, तेव्हा तिथे आंदोलन पेटलेलं, तरी एकाच्या पहिल्या पानावर त्याचा पत्ताच नाही. यूट्यूब वगैरे तुम्ही काय बघता, किती वेळ बघता त्यावरून पुढचं वाढतात. वॉच हिस्ट्री पुसा आणि बंद करा, मग होम पेज रिकामं येतं, जे बघायचं ते स्वतः शोधायचं.

ढेकळातला:
सगळं खापर अल्गोरिदमवर, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेवर नको. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत संशोधकांनी फेसबुकच्या २३ हजारांहून जास्त लोकांच्या फीडमधला आपल्याच मताच्या लोकांचा मजकूर तिसऱ्या हिश्श्याने कमी केला, तीन महिने, मतं होती तिथेच. आणि व्हॉट्सॲप ग्रुपात कुठला अल्गोरिदम बसलाय? धुळ्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, त्या अफवा ओळखीच्याच माणसांनी फॉरवर्ड केलेल्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड अशी मर्यादा आली. तुमच्या गावात एका जातीचा एक ग्रुप, दुसऱ्या जातीचा दुसरा असं असेल तर हिस्ट्री पुसून काय होणार.

कोरडवाहू:
ढेकळातला यांच्याशी सहमत, पण एक सांगते, त्याला तुमच्या बाजूच्या क्लिपा पाठवू नका. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेत ट्विटरवर लोकांना महिनाभर विरुद्ध बाजूचं दाखवून बघितलं तर रिपब्लिकन पक्षवाले उलट जास्तच कट्टर झाले. त्यापेक्षा दोघांनी मिळून मूळ गोष्ट बघा. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांबद्दलचा २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा जीआर (शासन निर्णय) घ्या, त्यावर दोन्हीकडून व्हिडिओंचा पूर आला पण तो स्वतः वाचलेला माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत मला भेटला नाही. सरकारच्या साइटवर मराठीतच आहे. प्रिंट काढा, चहाला बसून एकेक ओळ वाचा, जिथे अर्थ वेगळा लागतो तिथे पेनाने खूण करा. आणि भाषण बघायचं तर पूर्ण बघा, आधी त्याच्या बाजूचं.

गोदाकाठ:
ताई हे जमण्यासारखं आहे. जीआर डाउनलोड केलाय, प्रिंट उद्या बाजारच्या दिवशी काढतो. त्याला आत्ताच फोन केला, ये म्हणाला.