मित्रांसोबतचा किल्ल्यावरचा वीकेंड – तुमचेही किस्से येऊद्यात

काल कपाट आवरताना जुन्या जॅकेटच्या खिशात कॉन्वीच्या किल्ल्याचं तिकीट सापडलं, शाई पार उडालेली. वेल्समधला, इंग्लंडचा राजा एडवर्ड पहिला याचा, १२८३ ते १२८७ एवढ्यात उभा केलेला. आम्ही पाच जण ट्रेनने गेलेलो. तिथे गाडी थांबवायची तर कंडक्टरला आधी सांगावं लागतं हे कोणालाच माहीत नाही, रूळ अगदी तटाला खेटून जातात, आम्ही खिडकीतून फोटो काढतोय आणि किल्ला गेला की मागे! उतरलो थेट पुढे बँगोर स्टेशनला. परत येऊन आठही बुरूज चढायचे ठरलं, तर दुसऱ्याच बुरुजाच्या गोल जिन्यात एक जण मधेच बसला, म्हणे खाली बघवत नाही. वरून एक आजी काठी टेकत उतरतायत, "एक्स्क्यूज मी", हा हलेना. सांगा तुमचं.

झोपाळू: बँगोर 😂😂 सेम टू सेम

गुडघेदुखी: आम्ही हार्लेखला, तोही वेल्समधलाच किल्ला. १४६१ ते ६८ सात वर्षं वेढा सोसला म्हणे त्या किल्ल्याने, आमचा ग्रुप पावसात सात मिनिटं टिकला नाही. आणि पूर्वी समुद्र कड्याच्या पायथ्याशी यायचा, आता कुठल्या कुठे गेलाय, नवरा बोट कुठे लागायची ते शोधत बसलेला. गॅसवर दूध आहे, येते

एक्सेलवाला: बुर्ग एल्त्स, जर्मनीतला किल्ला. सगळं प्लॅनिंग माझं. मोझेलकेर्न गावाहून जंगलातून पायपीट, पोचलो तर दार बंद, नोव्हेंबर ते मार्च बंदच असतो. तेहतीस पिढ्या एकाच घराण्याकडे आहे तो, आम्हाला तासभरही मिळाला नाही. अजून शिव्या खातोय

गुडघेदुखी: दूध गेलं उतू 🤦‍♀️

झोपाळू: कॉन्वीच्या गावकुसावर ओळीने बारा संडास आहेत ते पाहिलेत का कोणी? तटातून बाहेर काढलेले, खाली थेट नदीकडे. माझ्याकडे त्याचेच सगळ्यात जास्त फोटो आहेत, किल्ल्याचे दोन

एक्सेलवाला: बारा?? शेजारी शेजारी? गप्पा मारत असतील

गुडघेदुखी: शी. दादा, तुमचा ग्रुप टिकून आहे का अजून? आमचा पार विखुरला

धागाकर्ता: व्हॉट्सॲपवर आहे हो ताई, वाढदिवसापुरता जागा होतो.

झोपाळू: ते राहूद्या, जिन्यातला उतरला कसा??

धागाकर्ता: बसून. एकेक पायरी घसरत. पुढे आजी, त्यांची काठी याच्या हातात. जीन्स मागून हिरवीगार शेवाळ.