'साँग ऑफ द सी'चे आयरिश संगीत : ऐकायला सुरुवात कोठून करावी?

पाणकावळा
नमस्कार. टॉम मूर यांचा 'साँग ऑफ द सी' (2014) हा ॲनिमेशनपट गेल्या आठवड्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलीसोबत पाहिला. दीपगृहात राहणारी अबोल सिअर्शा शंख फुंकते तेव्हा उमटणारी धून ती तेव्हापासून दिवसभर गुणगुणते आहे. संगीत फ्रेंच संगीतकार ब्रुनो कूले आणि डब्लिनचा कीला हा वाद्यवृंद यांचे आहे, एवढे नामावलीत वाचले. चित्र समोर नसताना हा अल्बम ऐकण्यासारखा आहे का, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लोकसंगीताकडे कसे जावे, याविषयी जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा. माझा कान भजनांवर आणि लोकगीतांवर तयार झालेला आहे. पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास नाही.

रानवाट
अल्बम अवश्य ऐका, पण पहिल्या वेळी सलग ऐकू नका. पार्श्वसंगीताचे बरेच तुकडे प्रसंगाच्या मापाने बेतलेले असल्यामुळे चित्राशिवाय ते मध्येच तुटल्यासारखे वाटतात. आधी गायलेली गाणी ऐका. शीर्षकगीत लीसा हॅनिगन यांनी गायले असून चित्रपटातल्या आईचा आवाजही त्यांचाच आहे. ते इंग्रजीत ऐकून अर्थ मनात बसला की आयरिश भाषेतले रूप लावा. मला स्वतःला ते गाणे आयरिशमध्येच पूर्ण झाल्यासारखे वाटते, कारण त्या भाषेतले घोगरे, ओलसर व्यंजन चालीच्या लाटेवर आपोआप बसते. त्यानंतर 'डूलमान' ऐका. हे समुद्रशेवाळाविषयीचे पारंपरिक गाणे आहे, आणि चित्रपटाची मुळे कोणत्या मातीत आहेत हे त्यावरून लगेच कळते.

वाद्यांपैकी दोन आपल्या कानाला लवकर ओळखीची होतील. बोवरॉन हे बकऱ्याचे कातडे ताणलेले, एका बाजूने उघडे असलेले वाद्य आपल्या डफाचे भावंड शोभेल, मात्र ते छोट्या दांडीच्या दोन्ही टोकांनी वाजवतात. इलन पाइप्स या वाद्यात तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली धरलेला भाता दाबून हवा भरतात, आणि तंबोऱ्यासारखा एक सूर खाली अखंड धरलेला राहू शकतो. हा खालचा सूर मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हरवतो, म्हणून हेडफोन वापरा.

कीला हा वृंद 1987 मध्ये डब्लिनच्या एका आयरिश माध्यमाच्या शाळेत जमला आणि पुढे त्याने स्वतःच्याच लेबलवरून अल्बम काढले. त्यामुळे चित्रपटाच्या अल्बमवर थांबू नका. 1997 चा 'तोग ए गो बोग ए' ऐका आणि शक्य असेल तर विकतच घ्या. अशा स्वतंत्र कलावंतांना त्याचाच आधार असतो. कूले आणि कीला यांनी मूर यांच्या 'द सीक्रेट ऑफ केल्स' (2009) आणि 'वुल्फवॉकर्स' (2020) यांनाही एकत्र संगीत दिले आहे.

जात्यावरची_ओवी
रानवाट यांच्याशी सहमत आहे, फक्त मुळाकडे जाताना वाद्यांच्या आधी निव्वळ आवाज ऐकावा असे सुचवते. आयर्लंडमध्ये 'शान नोस' म्हणजे 'जुन्या रीतीचे' गाणे साथीशिवाय गातात. चाल तीच राहते, पण गायक प्रत्येक कडव्यात हरकती बदलतो. कॉनेमाराचे जो हीनी (1919–1984) यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला जात्यावर बसलेली आजी आठवते, कारण तिथेही ताल श्वासातून येतो, वाद्यातून नाही.

मुलीसाठी एक सूचना करते. 'केल्स'मधले व्हायकिंगांच्या हल्ल्याचे प्रसंग आठ वर्षांच्या मुलाला घाबरवू शकतात, तेव्हा तो सोबत बसूनच पाहावा. त्यातल्या पांगुर बान या मांजरीचे नाव मात्र तिला जरूर सांगा, कारण एका आयरिश भिक्षूने नवव्या शतकात आपल्या याच नावाच्या मांजरावर लिहिलेली कविता आजही वाचली जाते.

पाणकावळा
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दिवे मालवून शीर्षकगीताची दोन्ही रूपे ऐकली, आणि मुलीने आयरिश ओळी देवनागरीत लिहून मागितल्या आहेत. 'डूलमान'चे आधीचे एखादे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे का?

रानवाट
आहे. डॉनेगॉलच्या आयरिशभाषक भागातल्या क्लॅनड या वृंदाने 1976 मध्ये याच नावाचा अल्बम काढला होता. ओळी मात्र छापील शब्दांवरून न उतरवता कानाने ऐकून लिहा, कारण आयरिश लेखन इंग्रजीच्या सवयीने वाचले तर उच्चार हमखास चुकतो. सिअर्शा या नावापासून सुरुवात करा. त्याचा अर्थ 'स्वातंत्र्य' असा आहे, हेही तिला सांगा.