पैसे बांबूचे नाहीत, हाताचे!
एकांनी विचारलंय, ग्रॅफाइटचा रॉड स्वस्तात मिळत असताना बांबूच्या फ्लाय रॉडसाठी, म्हणजे नकली माशीचं आमिष फेकून मासे पकडायच्या काठीसाठी, एवढे पैसे का मोजायचे? अहो, हे पैसे कारागिराच्या हाताचे. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला टोंकिन बांबू उभा चिरायचा, पेरं तापवून सरळ करायची, मग पोलादी साच्यात ठेवून एकेक पट्टी रंध्याने त्रिकोणी तासायची. अशा सहा पट्ट्या चिकटवल्या की षट्कोनी काठी तयार. सालीलगतच्या चिवट तंतूंना मात्र हात लावायचा नाही, सगळं बळ तिथेच असतं. शेंड्याकडे पट्टी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची उरते, तिथे रंधा जरा जास्त फिरला की संपलं.

माझ्या लेखी असे रॉड बनवणाऱ्यांत सगळ्यांत मोठे अमेरिकेचे एव्हरेट गॅरिसन. पेशाने इंजिनिअर, त्यामुळे काठीवर कुठे किती ताण येईल याचं गणित मांडून ते जाडी ठरवत. 1950 च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, बांबू मिळेना, फायबरग्लास बोकाळला. तरी साठवणीतल्या बांबूवर काहींनी काम रेटलं. 1870 च्या दशकातल्या हायरम लेनर्ड या अमेरिकन रॉड-कारागिराचं कौतुक सगळेच करतात, बंदीच्या काळातल्या या मंडळींबद्दल कुणी लिहील का?