'नाइस' या इंग्रजी विशेषणाचा मूळ अर्थ खरोखर 'मूर्ख' असा होता का?

अनुवादक:
न्यायशास्त्रावरील एका इंग्रजी निबंधाचा अनुवाद करीत असताना 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' हा शब्दप्रयोग आला आणि मी तो 'कायद्याचा एक छान मुद्दा' असा उतरवला. पुढचा सगळा परिच्छेद मात्र तो मुद्दा किती अवघड आहे आणि किती थोड्या फरकाने निर्णय दुसऱ्या बाजूला झुकू शकतो, हेच सांगत होता. 'छान' तेथे बसेना. मोठा शब्दकोश उघडला तेव्हा 'सूक्ष्म', 'काटेकोर', 'चोखंदळ' हे अर्थ मिळाले आणि सर्वांत जुना अर्थ 'मूर्ख' असा दिलेला पाहून मी चक्रावून गेलो. एकाच शब्दाला इतके विसंगत अर्थ कसे चिकटले? की फ्रान्समधील नीस या शहराचे स्पेलिंग अगदी हेच असल्यामुळे त्या नावाशी याचा काही संबंध आहे?

शब्दशोधक:
शहराशी काहीही संबंध नाही. त्या शहराचे नाव ग्रीक 'निकाइया'वरून आले असून त्याच्या मुळाशी विजयवाचक 'नीके' हा शब्द आहे. आपल्या विशेषणाचे मूळ लॅटिन 'नेस्कियुस'मध्ये आहे. त्यातील 'ने' म्हणजे 'न' आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. जो जाणत नाही तो 'नेस्कियुस'. आपल्या 'अज्ञ' या शब्दाची घडण नेमकी अशीच आहे, हे मला फार सुंदर वाटते, आणि तो लॅटिन 'ने' व संस्कृत 'न' हे तर एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. ज्या 'स्किरे'पासून 'सायन्स' आणि 'कॉन्शन्स' हे शब्द निघाले, त्याच क्रियापदाचे हे नकारार्थी अपत्य आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द झिजून 'खुळा', 'अडाणी' या अर्थाने वापरला जात होता आणि 1300च्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हाही त्याचा अर्थ तोच होता. 14व्या शतकातील कवी चॉसर यांच्या लेखनात तो 'मूर्ख' याच अर्थाने भेटतो, त्यामुळे शब्दकोशाने आपल्याला दिलेली माहिती अगदी बरोबर आहे.

मीमांसा:
मूळ कळले तरी कोडे सुटत नाही, कारण 'मूर्ख'पासून 'सूक्ष्म'पर्यंत शब्द एका उडीत पोहोचलेला नाही. मध्यंतरी तो बेताल आणि उधळ्या वागण्यासाठी वापरला गेला, नटव्या पोशाखासाठी वापरला गेला, लाजाळू आणि फाजील नाजूक माणसासाठीही वापरला गेला. नाजूकपणाला चिकटूनच चोखंदळपणा येतो: ज्याला सहजासहजी काही पसंत पडत नाही, तो बारीकसारीक भेद पाहतो. येथे अर्थ माणसाकडून वस्तूकडे सरकला. बारीक भेद पाहणारी व्यक्ती 'नाइस' होती, आता तिने पाहिलेला भेदच 'नाइस' झाला. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक फरक तो असा. मात्र ही वाट सरळ रेषेसारखी समजू नये. 16व्या आणि 17व्या शतकांतील कितीतरी वाक्यांत हे सारे अर्थ शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे, लेखकाला त्यांतला कोणता अभिप्रेत होता हे ठरवणे आजही कठीण जाते.

'सुखद' हा अर्थ 18व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. चोखंदळ माणसाला जे रुचते ते चांगलेच असणार, अशी त्यामागची ओढ दिसते. 'प्रेमळ', 'सौजन्यशील' हा अर्थ त्यानंतरचा, 19व्या शतकातला. जेन ऑस्टिन यांच्या 1817च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी हे पात्र, हा एकच शब्द सरसकट सगळ्यालाच लावला जातो म्हणून नायिकेची थट्टा करते. त्याच्या मते तो पूर्वी फक्त नीटनेटकेपणा, औचित्य आणि नाजूकपणा यांसाठी असावा. म्हणजे 'मूर्ख' हा अर्थ तोवर इतका मागे पडला होता की शब्दांबाबत काटेकोर असणाऱ्या त्या पात्रालाही तो आठवत नाही.

पदच्छेद:
याच्या नेमक्या उलट दिशेने गेलेले इंग्रजी विशेषण म्हणजे 'सिली'. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'सुखी', 'भाग्यवान' असा होता. जर्मनमधील 'झेलिश' हा त्याचा सगोत्र शब्द आजही 'धन्य' या अर्थाने वापरला जातो. इंग्रजीत मात्र धन्याचा निष्पाप झाला, निष्पापाचा बिचारा झाला, बिचाऱ्याचा दुबळा झाला आणि शेवटी खुळा. 'नाइस'चे भाग्य उजळले, 'सिली'चे मावळले. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण संस्कृत धर्मशास्त्रात 'साहस' ही संज्ञा बळजबरीच्या गुन्ह्यांसाठी होती आणि आज आपण तोच शब्द कौतुकाने उच्चारतो.

अनुवादकांसाठी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. 'पॉइंट', 'डिस्टिंक्शन', 'बॅलन्स', 'जजमेंट' अशा विचार किंवा मोजमापाच्या नामांआधी 'नाइस' आले, तर आधी 'सूक्ष्म' हा अर्थ लावून पाहावा. 'नाइसिटी' या नामातही तोच बारकावा टिकून आहे.

अनुवादक:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. आता 'कायद्यातील एक नाजूक मुद्दा' असा बदल केला आहे. 'सूक्ष्म'पेक्षा 'नाजूक' निवडले, कारण थोड्याशा धक्क्याने निर्णय कलंडू शकतो ही निबंधकाराची सूचना त्यात उतरते. त्याच निबंधात पुढे आलेले 'नाइस बॅलन्स'ही मी 'उत्तम समतोल' असे लिहिले होते. तेही आता दुरुस्त करतो.