‘म्हातारपणी पाटी-पेन्सिल आणि खर्च आमचा’ म्हणणाऱ्यांना

बाराखडी_नाशिकरोड:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक फोटो फिरला. नवसाक्षरांच्या परीक्षेचा. झेडपीच्या शाळेत पहिलीच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. खाली एका काकांनी लिहिलं होतं: ‘शिकायच्या वयात शिकले नाहीत, आता म्हातारपणी पाटी-पेन्सिल आणि खर्च आमच्या टॅक्समधून. तोच पैसा लहान मुलांवर घाला.’ त्यावर अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर ॲडमिनने ‘ग्रुप पाणी आणि पार्किंगसाठी आहे’ म्हणून गप्प केलं असतं, म्हणून इथे लिहितेय. लांबेल.

आधी पैशाचं. ही परीक्षा केंद्राच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेतली. योजना 2022 ते 2027. पाच वर्षांची तरतूद 1037.90 कोटी, राज्यांचा वाटा धरून. उद्दिष्ट पाच कोटी माणसांचं. करा भागाकार. माणशी 207 रुपये आणि काही पैसे. शिकवणारे स्वयंसेवक, मानधन शून्य. नाशिकात 207 रुपयांत दोन मिसळी येतात. एवढ्यासाठी काकांचा बीपी वाढला.

दुसरं, ‘शिकायच्या वयात’. फोटोतल्या बायका 1972 ला आठ-दहा वर्षांच्या असतील. त्या वयात त्या दुष्काळी कामावर आईबरोबर खडी उचलत होत्या, नाहीतर पाळण्यातलं भावंड सांभाळत घरी होत्या. शाळा चौथीपर्यंत, पुढे शेजारच्या गावी, मुलीला कोण पाठवतंय. शिक्षण हक्क कायदा आला 2009 ला, आणि तोही 6 ते 14 वयापुरता. पंधराव्या वर्षी ऊसतोडीला गेलेली पोरगी आजही त्यात बसत नाही. सरकारने जे द्यायचं होतं ते दिलं नाही, आणि आता पन्नास वर्षं उशिरा दोनशे रुपये टेकवतंय, तर आपण म्हणतोय उधळपट्टी!

आणि ‘आमचा’ टॅक्स म्हणजे कोणाचा? त्या बाईच्या मोबाइल रिचार्जवरही 18 टक्के जीएसटी आहेच की.

कोथरूडचा_पगारदार:
ग्रुपवरचे काका मी नाही, पण त्यांचं म्हणणं मला पटतं.

ताई, भागाकार बरोबर आहे आणि तोच माझा मुद्दा आहे. 207 रुपयांत कोणी साक्षर होत नसतं. म्हणजे हे शिक्षण नाही, फोटोसेशन आहे. 150 गुणांची परीक्षा, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50, तेहतीस टक्क्यांना पास. प्रमाणपत्र हातात. त्यानंतर सहा महिन्यांनी त्याच बाईंपुढे लाइटचं बिल धरा आणि काय होतं ते इथे लिहा.

हे पहिल्यांदा चाललंय का? 1988 ला राष्ट्रीय साक्षरता मिशन. 2009 ला साक्षर भारत. 2018 ला ते गुंडाळलं. 2022 ला उल्लास. दर दहा-बारा वर्षांनी नवं बोधचिन्ह आणि नवी प्रभातफेरी. तुम्ही पुरोगामी मंडळी उठसूट फुल्यांचं नाव घेता, तर फुल्यांनी 1882 ला इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे काय मागितलं होतं? आधी प्राथमिक शिक्षण, बारा वर्षांपर्यंत सक्तीचं. पोरं आधी! राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा 14 हजारांवर आहेत, त्या वाचवा. ज्याचं आयुष्य पुढे आहे त्याच्यावर खर्च व्हावा, हा क्रूरपणा नाही, हिशेब आहे.

बाराखडी_नाशिकरोड:
फुले अर्धेच वाचले की असं होतं. 1855 ला त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मजूर आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून येणाऱ्या मोठ्या माणसांची.

कोथरूडचा_पगारदार:
स्वतःच्या हिमतीवर काढली होती. सरकारी योजनेतून नव्हे. माझंच म्हणणं सिद्ध केल्याबद्दल आभारी आहे.

गिरणगावचा_फिटर:
हिशेबाचं बोलताय म्हणून माझा हिशेब देतो. वडील गिरणीत. 82 च्या संपानंतर घर बसलं. मी तेव्हा सातवीत. पहाटे पेपर टाकायचे, दिवसा फोर्टात एका ऑफिसच्या कॅन्टीनला कपबश्या, संध्याकाळी साडेसहाला रात्रशाळा. पोटात फक्त चहा. शेवटच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा, तर मास्तर उभं करून पाढे म्हणायला लावायचे. शाळा अनुदानित, म्हणजे मास्तरांचा पगार सरकार द्यायचं. गणितात लटकत का होईना दहावी झालो, मग आयटीआय, फिटर. आता रिटायर आहे. दोन पोरी इंजिनियर. दोघी मिळून तुमच्यापेक्षा जास्त टॅक्स भरत असतील. सरकारचे पैसे वसूल झाले की नाही ते तुम्हीच सांगा.

आणि या रात्रशाळांचं काय केलं? मे 2017 ला जीआर काढला. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसरीकडे शिकवणारे जे ‘दुबार’ शिक्षक होते ते बंद. त्यांच्या जागी अतिरिक्त ठरलेले, म्हणजे पट घटल्याने दुसऱ्या शाळांत जास्तीचे झालेले शिक्षक पाठवा. कागदावर छान दिसतं. पण पोरगा आठ दिवस आला नाही तर तो कुठल्या हॉटेलात कामाला आहे, तिथे जाऊन शेठला कसं पटवायचं, हे त्या जुन्या मास्तरांना ठाऊक होतं. ते जीआरमध्ये कुठे लिहिणार?

कोथरूडचा_पगारदार:
तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतात. पोरावर खर्च करा असंच मी म्हणतोय. साठीच्या आजींशी याचा संबंध काय?

फळा_आणि_फाइल:
मी झेडपीचा शिक्षक. सगळे बोलले, आता जो हे राबवतो त्याचं ऐका.

2023 ला आदेश आला, निरक्षरांचं सर्वेक्षण करा. संघटनांनी बहिष्कार टाकला तर पेपरात ‘शिक्षकांची मुजोरी’. अहो, वर्गात दोन इयत्ता एकत्र बसलेल्या. मी खिचडीचा तांदूळ मोजू, बीएलओ म्हणून मतदार याद्या तपासू, पोरांचे आधार ॲपवर चढवू, की दारोदार ‘तुम्ही अंगठा देता का हो’ विचारत फिरू? एका म्हातारीने मला विचारलं, ‘गुरुजी, माझ्याच पोराला तुमच्या शाळांनी आठवीपर्यंत ढकलला, त्याला धड अर्ज लिहिता येत नाही, आन् मला शिकवायला आलाय व्हय?’ मी काय बोलणार? पाणी प्यायलो आणि पुढच्या घरी गेलो.

निरक्षर लोक स्वतःहून नाव सांगत नाहीत. सून हसेल, गावात चर्चा होईल. पण वरून उद्दिष्ट आलेलं असतं, ते पुरं करायचं. मग कोण सापडतं? तीच ती चार घरं.

कोथरूडचा_पगारदार:
सातवा वेतन आयोग, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, आणि तरी रडगाणं. खासगीत या, मग कळेल काम काय असतं.

फळा_आणि_फाइल:
तुम्ही या ना इकडे. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं महिना 6000 वर राबलोय, खोलीभाडं आणि पेट्रोल त्यातच. 2023 पासून ते 16000 झालं, आमचं वय निघून गेल्यावर. एसीत बसून शाळेचे पट मोजू नका.

लेकुरवाळी_सोलापूर:
गुरुजी, राग मानू नका, पण तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत आहेत? आमच्या गावच्या झेडपी शाळेतले निम्मे शिक्षक तालुक्याला राहतात आणि त्यांची पोरं इंग्लिश मीडियमला जातात. पट कमी का झाला ते यातच आलं.

फळा_आणि_फाइल:
माझा मुलगा माझ्याच शाळेत होता चौथीपर्यंत. पुढे वर्गच नाही तर काय करू? आणि ‘निम्मे शिक्षक’ कोणी मोजले? तुम्ही सर्वेक्षण केलंत का? आम्हाला सांगायचं असतं, केलं असतं आम्ही, त्याचीच तर सवय लावलीय.

लेकुरवाळी_सोलापूर:
बोलण्याची पद्धत बघा! आणि हे पोरांना शिकवतात.

पीएचडी_सातवं_वर्ष:
धागा शिक्षकांवर गेलाच आहे तर माझंही घ्या. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएचडी फेलोशिपला 2023 ला प्रत्येकी 200 विद्यार्थ्यांची मर्यादा घातली. वर ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ हे सभागृहात ऐकावं लागलं. म्हातारीला पाटी दिली तर उशीर झाला म्हणता, तरुणाला फेलोशिप दिली तर चैन म्हणता. गरिबाने नेमकं कोणत्या वयात शिकावं म्हणजे पगारदारांना चालेल?

कोथरूडचा_पगारदार:
सातवं वर्ष म्हणताय, तर दिवा लागला का?

पीएचडी_सातवं_वर्ष:
पैसे वेळेवर आले असते तर पाचव्यातच लागला असता. तोवर मेसवाल्याची उधारी तुम्ही भरा.

बाराखडी_नाशिकरोड:
मंडळी, प्रश्न फोटोतल्या बायकांचा होता. त्यांना सगळेच विसरले.

माजी_प्रेरिका:
मी बोलते त्यांच्याबद्दल. एका जुन्या साक्षरता योजनेत मी गावात प्रेरिका, म्हणजे साक्षरतेचा वर्ग चालवणारी होते. महिना 2000 मानधन, तेही वर्षवर्ष यायचं नाही. योजना बंद झाली तेव्हा शेवटची बाकी राहिली ती राहिलीच.

पगारदार भाऊ, लाइट बिल वाचता येईल का विचारलंत. काही जणींना नाही आलं. पेरणी लागली की महिनाभर कोणी यायचं नाही, आणि मग पुन्हा ‘क’पासून. तुमचं तेवढं म्हणणं खरं आहे, मी खोटं कशाला बोलू. पण बायका लाइट बिलासाठी येतच नव्हत्या. बचत गटाच्या वहीत कोणाचा हप्ता किती लिहिलाय ते कळावं म्हणून यायच्या. सचिव लिहील तेच खरं, अशी गत होती. 52 वर्षांची एक बाई आकडे शिकली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने बैठकीत उभं राहून वही उलटीपालटी केली. दोन हप्त्यांची खाडाखोड सापडली. सचिव बदलली. गावात भांडण झालं, माझ्या दारात येऊन लोक ओरडून गेले की बायकांना हे कशाला शिकवलंस. याचे गुण कोणत्या परीक्षेत मिळतात?

मुरबाडचा_पाऊस:
आमच्या तालुक्यात फांगणे गावात 2016 पासून आजीबाईंची शाळा आहे. गुलाबी लुगडी नेसून आज्ज्या दप्तर घेऊन जातात, देशभर बातम्या झाल्या. ती गावकरी, झेडपीचे एक गुरुजी आणि एक धर्मादाय ट्रस्ट यांनी उभी केली. सगळं सरकारकडेच का मागायचं?

बाराखडी_नाशिकरोड:
कारण ट्रस्ट एका गावाला मिळाला. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82.3 टक्के होती, नंदुरबारची 64 च्या आसपास. नंदुरबारला पुरेल एवढे ट्रस्ट असतील तर पत्ता द्या. त्यानंतरची जनगणना 2021 ला व्हायची ती झाली नाही, म्हणून अजून जुनेच आकडे घेऊन भांडतोय आपण.

कोथरूडचा_पगारदार:
ठीक. सगळे मिळून तुटून पडलाच आहात तर थोडं मागे घेतो, नाहीतर झोपू देणार नाही. रात्रशाळा हव्यात, मान्य. आयटीआयच्या संध्याकाळच्या तुकड्या हव्यात, त्याहून मान्य. त्या हिशेबवहीच्या बाईंचंही मान्य. पण फुकट स्वयंसेवक आणि तेहतीस टक्क्यांचं प्रमाणपत्र यावर माझा एक रुपया खर्च होऊ नये, यावर मी ठाम आहे. करायचं तर शिकवणाऱ्याला पगार द्या, दोन वर्षं सलग चालवा, आणि मग मोजा.

बाराखडी_नाशिकरोड:
म्हणजे खर्च कमी नको, जास्त हवा. मग काकांच्या पोस्टला पाठिंबा कशाचा दिला होता?

कोथरूडचा_पगारदार:
शब्दात पकडू नका. लहान मुलांचा क्रम आधी, हे मी सोडलेलं नाही.

फळा_आणि_फाइल:
पगार देणार असाल तर माणूस वेगळा नेमा. मला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून देऊ नका. संध्याकाळी सहानंतर मी शिक्षक नाही, माझ्या घरातला माणूस आहे.

माजी_प्रेरिका:
गुरुजी, तुम्ही घरीच थांबा. मी जाते शिकवायला. फक्त आधीची बाकी कोण देणार तेवढं सांगा.