शहरातले ‘वन्यजीव’ : फलकावर नेमकं लिहायचं काय?

टाचणी : मंडळी, थोडी मदत हवी आहे. एप्रिलअखेरीस जगभरातल्या शहरांमध्ये सिटी नेचर चॅलेंज होतं, म्हणजे आपल्या शहरातल्या प्राणी-वनस्पतींच्या नोंदी करायची चुरस. त्यात आमचा गट उतरतोय. फलकाचा मजकूर मराठीत करायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडकले. ‘शहरी वन्यजीव गणना : नोंदणी सुरू’ असं लिहिलंय. कानाला बरं वाटतं, पण काहीतरी खटकतंय.

भुंगा : खटकायलाच हवं. ‘गणना’ म्हटलं की डोकी मोजणं आलं. अमेरिकेत १९०० सालापासून नाताळच्या सुमारास पक्षी मोजतात, ती खरी गणना. ठरलेल्या वर्तुळात एका दिवसात दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी आकड्यात धरतात. तुमच्याकडे चिमण्या किती, हे कोणी विचारत नाही. चिमणी कुठे, कधी आणि पुरावा काय, एवढंच हवं असतं. आणि ‘नोंदणी’ तर नकोच, लोक नाव नोंदवायचा फॉर्म मागतील. सरळ ‘नोंद’ म्हणा.

टाचणी : ‘निरीक्षण’ चालेल का? या नोंदी आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकतात, तिथल्या ‘ऑब्झर्वेशन’ या मूळ इंग्रजी शब्दाला तोच जवळचा वाटतो.

जुनी वही : जवळचा आहे, पण निरीक्षण म्हणजे समोर बसून बघत राहणं. इथे ओल्या मातीतला पायाचा ठसा चालतो, गळलेलं पीस चालतं, सापाची कात चालते, रस्त्यावर चिरडलेला सरडाही चालतो. बेडूक दिसला नाही, नुसता आवाज टिपला, तरी हरकत नाही. प्राणी स्वतः हजर असलाच पाहिजे असं नाही. अभ्यासक मंडळी अशा वेळी ‘आढळ’ म्हणतात : ‘या पालीचा आढळ कुठवर आहे?’ माझं मत ‘आढळनोंद’ला.

टाचणी : आढळनोंद आवडला. आता ‘वन्यजीव’. आमच्यातल्या एकीने विचारलं, न्हाणीघरातला कोळी वन्यजीव कसा? वनाचा संबंधच काय?

जुनी वही : खरी गोम इथे आहे. ‘वन्य’मध्ये वन असल्यामुळे आपण जागा बघतो. या उपक्रमात जागा बघतच नाहीत, जीव तिथे कसा आला ते बघतात. माणसाने मुद्दाम आणून ठेवला नसेल तर तो वन्य, मग तो गच्चीवर असो की गटारात. त्यामुळे कोळी वन्य आहेच. फलाटावरचं कबुतरही वन्य, त्याचे पूर्वज कधीकाळी पाळलेले असले तरी. उलट प्राणिसंग्रहालयातला वाघ वन्य नाही! त्याची नोंद टाकता येते, पण ‘बंदिस्त किंवा लागवडीतला’ अशी खूण करून.

झाडांच्या बाबतीत तर बोलीत हा फरक तयारच आहे. ‘झाड लावलंय’ आणि ‘झाड आलंय’ हे आपण कधी एकमेकांत मिसळत नाही. कुंडीतला गुलाब लावलेला, त्याच कुंडीत कडेने पसरलेली आंबुशी आलेली. नोंद आंबुशीची. अंगणातलं लिंबाचं झाड लावलेलं, पण त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी आपणहून आलेली. पहिल्यांदा आलेले लोक नेमके गुलाबाचा आणि लिंबाचा फोटो काढतात आणि अळी राहून जाते. फलकावर ‘आपसूक आलेले जीव’ असं लिहिलंत तर निम्मी शिकवणी तिथेच होईल.

कुतूहल : मध्येच विचारतो. बायोब्लिट्झला काही शब्द आहे का? १९९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पहिला झाला, तेव्हा २४ तासांत एका जागेतले जमतील तेवढे जीव हुडकले होते. ब्लिट्झ म्हणजे जर्मनमध्ये वीज. ‘जीववीज’ वगैरे नको कृपया.

भुंगा : झाडाझडती! वेळ ठरलेली, जागा ठरलेली, दगड उचलून खाली बघायचं, पालापाचोळा चाळायचा. औपचारिक पत्रात खपणार नाही, पण आपापसांत झकास.

टाचणी : आणि खाली बारीक अक्षरात ‘नागरिक विज्ञान उपक्रम’ लिहायचं की ‘लोकविज्ञान’?

जुनी वही : लोकविज्ञान म्हटलं की मराठीत विज्ञान लोकांपर्यंत नेणारी चळवळ डोळ्यांपुढे येते, इथे लोक विज्ञानाला माहिती पुरवतात. इंग्रजीत अनेक संस्थांनी नागरिक हा शब्द सोडून समुदाय धरला, कारण नागरिकत्व नसलेल्यांना तो परका वाटतो. मराठीत ‘लोकसहभागातून विज्ञान’ लिहा, वाद मिटेल. एक विनंती मात्र आहे : ‘प्राण्याची ओळख पटवा’ लिहू नका. ओळख बेवारस मृतदेहाची पटते. ‘कोणता जीव ते ओळखा’ पुरे. तिथेही निर्णय एकट्याचा नसतोच. किमान दोघांचं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं प्रजातीवर एकमत झालं, तरच नोंद संशोधनाला वापरण्याजोगी ठरते. तिला ‘पडताळलेली नोंद’ म्हणता येईल.

टाचणी : तर मजकूर असा : ‘आपल्या शहरात आपसूक आलेल्या जिवांची आढळनोंद. चार दिवस. फोटो काढा किंवा आवाज टिपा, ठिकाण आणि वेळ जोडा.’

भुंगा : छान. ‘फोटो काढा’च्या आधी ‘पान उलटून बघा’ टाका. नाहीतर चार दिवस नुसती कबुतरं येतील.